भंडारदरा: आधी पाणी, मग वीज

भंडारदऱ्याचे धरण विजेसाठी बांधलेच नव्हते. प्रवरेचे पाणी खालच्या शेतांना मिळावे म्हणून ते १९२६ मध्ये पूर्ण झाले. १२ मेगावॅटच्या वीजघरासाठी १९८६ उजाडले. त्यामुळे जलाशयाकाठी मुक्कामाच्या गाड्यांना वीज देणे ही इथली जुनी रीत नव्हे, नवी गरज आहे. ती घरातून वायर ओढून भागवणे मला धोक्याचे वाटते. सौर पॅनेल पुरते, असा आक्षेप येतो. उन्हाळ्यात तो खराच. पण जवळच्या घाटघर-रतनवाडीच्या पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा तारेचीच वीज लागते, आणि चिंब जमिनीवर उभे राहून गाडीच्या पत्र्याला हात लावणाऱ्याचा २३० व्होल्टची गळती जीव घेऊ शकते. म्हणून झाकणबंद सॉकेट, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आधी बसवावा. गाडी नंतर जोडावी.