शिंपल्याचा स्नायू : विकरे व चेतासंदेश

गोड्या पाण्यातील शिंपला (लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस) भारतभरच्या नद्या-तलावांच्या गाळात राहतो. झाशी परिसरातील बेतवा आणि पहूज या नद्यांचे संथ, गाळाचे काठ त्याला मानवणारे आहेत. रिकामी शिंपी हातात घेतली, की आतल्या बाजूस दोन्ही टोकांना एकेक गुळगुळीत वण दिसतो. शिंपी मिटणारे दोन स्नायू तिथे चिकटलेले असतात. उघडण्याचे काम सांध्यावरील लवचिक बंध करतो. मिटून राहण्यासाठी मात्र स्नायूला सतत ताण धरावा लागतो.

हा ताण धरण्याची रीत प्राणिसृष्टीत विरळच. समुद्री शिंपल्यांत (मिटिलस) ती उत्तम उलगडली आहे. ॲसिटिलकोलीन या चेतापारेषकाने स्नायू आकुंचन पावतो. पुढे संदेश थांबला, पेशीतील कॅल्शियम उतरले, तरी पकड सुटत नाही आणि तिला ऊर्जाही अत्यल्प लागते. पकड सोडवते सेरोटोनिन. अमेरिकन शास्त्रज्ञ बेटी ट्वारॉग यांनी हे 1954 मध्ये दाखवले. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असते, हे त्यांनी अर्व्हिन पेज यांच्यासह 1953 मध्ये सिद्ध केले होते. शिंपल्याच्या स्नायूचा अभ्यास मेंदूच्या अभ्यासाला किती जवळचा आहे, ते यातून कळते. सेरोटोनिनमुळे पेशीत चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो, प्रथिन कायनेज हे विकर ट्विचिन या प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि पकड ढिली होते. कॅल्सिन्युरिन हे विकर तोच फॉस्फेट काढून पुन्हा पकडीची तयारी करते. तातडीच्या हालचालीसाठी आपल्या स्नायूत क्रिएटिन फॉस्फेट असते. शिंपल्यात आर्जिनिन फॉस्फेट, आणि त्यावर काम करणारे आर्जिनिन कायनेज.

मोतीसंवर्धनात ही पकड रोजची अडचण ठरते. म्हणून मोत्याचे बीज आत बसवण्याच्या शस्त्रक्रियेआधी शिंपले दोन-तीन दिवस दाटीवाटीने ठेवतात. त्याने स्नायू थकतात आणि शिंपी इजा न होता उघडता येते.

कोलिनएस्टरेज हे विकर ॲसिटिलकोलीनचे विघटन करून आकुंचनाचा संदेश संपवते. शेतात फवारलेली ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. शिंपला एका जागी राहून पाणी गाळत असल्याने त्याच्या ऊतींतील कोलिनएस्टरेजची घट हा प्रदूषणाचा निर्देशक मानला जातो. शेतांतून पावसाचे पाणी उतरणाऱ्या बेतवा-पहूजसारख्या नद्यांची तपासणी पाण्याच्या नमुन्यांवरच न थांबवता शिंपल्यांपर्यंत न्यावी.