साच्याची कुळकथा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे येतात, लढाया येतात, तहनामे येतात. मोटारीचे मडगार्ड कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, आणि त्यात नवलही नाही. तथापि आज मी जी हकीकत सांगणार आहे, तिचा आरंभ एका गंजलेल्या मडगार्डापासून होतो.

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, रेल्वेच्या मार्गावर, पापनाशम नावाचे तालुक्याचे गाव आहे. चहूकडे भाताची शेते आणि कावेरीच्या पाण्याचे पाट. तेथील एका मराठी कुटुंबात मी दोन दिवस पाहुणा होतो. व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावरास मराठी राज्य स्थापिले आणि १८५५ साली ते इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, पण भाषा घरांतून उरली. माझ्या यजमानांचे मराठी तमिळच्या शेजारात साडेतीनशे वर्षे नांदलेले होते. ऐकताना प्रथम थोडे अडखळायला होई, मग गोडी लागे.

या घराच्या अंगणात एक जुनी फियाट अकराशे उभी होती. मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, आजोबांनी हौसेने घेतलेली. आजोबा गेले, गाडी राहिली. दमट हवेने तिचे डावे मडगार्ड चाळणीसारखे करून टाकले होते. नवे मिळत नव्हते, आणि पत्रा ठोकून आकार काढणारा जुना कारागीर आता हयात नव्हता. घरातला नातू, वयाने पंचविशीचा, मला म्हणाला, "काका, पत्रा मला येत नाही. पण साचा करता येईल. फायबरचेच करतो." मी विचारले, "उजवे मडगार्ड शाबूत आहे, त्याचाच साचा का घेत नाहीस?" तो हसला. उजवे मडगार्ड हे डाव्याचे आरशातले प्रतिबिंब. एकाचा साचा दुसऱ्यास कसा चालावा? माझ्या पदवीचा तेथे काही उपयोग झाला नाही, हे कबूल केले पाहिजे.

त्याने केले ते असे. गंजलेले मडगार्ड काढून त्याची भोके प्लास्टरने व लांबीने बुजविली, उजव्या बाजूची मापे उलटी घेऊन वळण जुळविले, आणि पॉलिश कागदाने घासघासून ते आरशासारखे गुळगुळीत केले. हा झाला नमुना. त्यावर मेणाचे हात दिले. एक नव्हे, पाच-सहा. मेण कमी पडले तर साचा नमुन्याला कायमचा चिकटतो. मग राळेचा, म्हणजे रेझिनचा, पहिला जाड थर. त्यावर काचतंतूंची चटई, पुन्हा राळ, पुन्हा चटई. असा साचा तयार झाल्यावर त्याच्या आतल्या अंगाने हीच सारी क्रिया पुन्हा करावयाची, तेव्हा कोठे मडगार्ड हाती यावयाचे.

मेण आणि राळ हे शब्द ऐकताच मला सकाळी पाहिलेले स्वामीमलै आठवले. पापनाशमहून कुंभकोणमच्या वाटेवर थोड्याच अंतरावर हे गाव आहे. तेथील स्थपती आजही पंचधातूच्या मूर्ती ओततात, आणि त्यांचे पूर्वज बाराव्या शतकात दारासुरमच्या मंदिराच्या कामावर होते, असे ते सांगतात. मधमाश्यांचे मेण, त्यात राळ आणि थोडे तेल घालून ते मूर्ती घडवितात. तिच्यावर कावेरीच्या गाळाची मऊ माती लिंपतात, मग जाड मातीचे थर देतात. सुकलेला साचा तापविला की मेण वितळून वाहून जाते आणि जी पोकळी उरते तीत धातूचा रस ओततात. आपल्या जुन्या ग्रंथांत याला मधूच्छिष्टविधान म्हटले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात या क्रियेचे वर्णन आहे. मेणाच्या वजनावरून धातूचे वजन ठरविण्याचा हिशेबही आहे.

या क्रियेचा शेवट मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. धातू निवला की साचा फोडतात. मेण आधीच गेलेले असते, साचा आता जातो. उरते ती एकच मूर्ती. दुसरी हवी असेल तर पुन्हा मेणापासून प्रारंभ. पापनाशमच्या अंगणात मात्र साचा फुटत नाही. तो राहतो, आणि त्यातून एक काय, पन्नास मडगार्डे काढता येतील. साचा फुटणे आणि साचा उरणे, या भेदात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. ती सांगण्यासाठी थोडे सातासमुद्रापलीकडे जावे लागेल.

काचेचे तंतू काढण्याची कला जुनी आहे. पण ते स्वस्त आणि विपुल झाले ते अमेरिकेत, १९३०नंतर. १९३२ साली डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या विटा वितळलेल्या काचेच्या फवाऱ्याने सांधू पाहत होता. विटा सांधल्या नाहीत. पण फवाऱ्यातून बारीक तंतूंचा पिंजारा बाहेर पडला. त्याच दशकात पॉलिएस्टर जातीच्या राळा निघाल्या. तंतू एकटा वाकतो, राळ एकटी फुटते. दोन्ही एकत्र आली की हलके आणि चिवट असे कवच तयार होते. आपल्याकडे मातीत भुसा कालवून भिंत लिंपतात, त्यातले तत्त्व याहून फारसे वेगळे नाही. दुसऱ्या महायुद्धात या कवचाचा उपयोग विमानांवरील रडारची टोपणे करण्यासाठी झाला. युद्ध संपले आणि ही विद्या होड्या बांधणाऱ्यांच्या हाती गेली.

मोटारीच्या इतिहासात याचे महत्त्व एका हिशेबामुळे आहे. पोलादी पत्र्याचे अंग दाबून काढावयाचे तर प्रचंड यंत्रे आणि अतिशय महाग ठसे लागतात. हजारो गाड्या खपल्या तरच तो खर्च भरून निघतो. म्हणून मोटारीला आकार देण्याचा अधिकार मोठ्या भांडवलाकडेच राहिला होता. काचतंतूने तो एकट्या माणसाच्या हाती दिला. कॅलिफोर्नियातील होड्या बांधणारा बिल ट्रिट याने १९५०च्या सुमारास एका लष्करी अधिकाऱ्याच्या जीपच्या सांगाड्यावर असे अंग चढविले, आणि त्यातून विक्रीसाठी अंगे करण्याचा धंदा उभा राहिला. १९५३ साली जनरल मोटर्सने शेव्हरले कॉर्व्हेट ही गाडी काचतंतूच्या अंगाची काढली. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या, आणि त्यांत हातकामच फार होते. इंग्लंडमध्ये तर सुटे भाग विकत घेऊन घरी गाडी जुळविल्यास खरेदीकर वाचत असे. त्यामुळे पन्नाशीच्या दशकात तेथे घराघरांच्या पडवीत गाड्या जन्मू लागल्या.

आता साचा उरण्याची गोष्ट. ब्रूस मेयर्स हा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहणारा, होड्या बांधण्यात मुरलेला गृहस्थ. १९६४ साली त्याने आपल्या घरच्या गॅरेजात फोक्सवागनच्या यंत्रभागांवर काचतंतूचे एक छोटे, गोंडस अंग तयार केले. वाळूवर धावणारी ही गाडी 'मँक्स' या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. मेयर्सने सुमारे सहा हजार अंगे विकली. पण ज्याने एक अंग विकत घेतले त्याला त्यावर मेण लावून नवा साचा काढण्यास कोण अडविणार? नकला मूळ गाड्यांच्या कित्येक पटींनी झाल्या. मेयर्स न्यायालयात गेला, पेटंटचा खटला हरला, आणि १९७१ साली त्याचे दुकान बंद पडले. जी वस्तू एकट्या माणसाला कारखानदाराची सत्ता देते, तीच त्याचे काम चोराच्या हातीही सहज देते. स्वामीमलैचा स्थपती साचा फोडतो तो काही चोरीच्या भयाने नव्हे, पण त्या फोडण्यात त्याची मूर्ती आपोआप सुरक्षित होते.

हा प्रश्न आपल्याकडेही परका नाही. पेणचे गणपती ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस ठाऊक असेल की एका चांगल्या मूर्तीचा साचा निघाला की तोच मुखवटा दुसऱ्या वर्षी गावोगाव दिसू लागतो. मूळ मातीत बोटे घालणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही.

भारतात काचतंतूची मोटार बाजारात आणण्याचे प्रयत्न मुख्यतः बंगलोरास झाले. सत्तरीच्या दशकात तेथे 'बादल' नावाची तीनचाकी निघाली. १९८२च्या सुमारास इंग्लंडच्या रिलायंट कंपनीच्या नमुन्यावरून सिपानी यांची 'डॉल्फिन' आली. परंतु आपल्या गिऱ्हाइकाचा विश्वास पत्र्यावर. टिचकी मारली की ठण्ण आवाज आला पाहिजे. १९८३च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली आणि निकाल लागला. महाराष्ट्रात इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' ही छोटी मोटार स्वबुद्धीने घडविली. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरीपर्यंत त्यांनी एकामागून एक नमुने तयार केले. पण ती गाडी बाजारात येऊ शकली नाही. परवान्यांच्या त्या काळात नमुना करणे माणसाच्या हाती होते, त्यातून कारखाना उभारणे नव्हते. मी स्वतः सरकारी नोकर आहे. फायलीच्या या बाजूला बसून ही हकीकत वाचताना मन स्वस्थ राहत नाही.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने गाडीच्या मूळ घडणीत मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. तेव्हा हौशी माणसाने गाडीचे रूपच पालटण्याच्या भरीस पडू नये. गेलेला भाग मूळ आकारात परत आणणे निराळे आणि नवेच सोंग चढविणे निराळे. पापनाशमचा तरुण पहिल्या वाटेने जात होता.

हे काम सोपे आहे असा मात्र कोणाचा समज होऊ नये. काही वर्षांपूर्वी मी स्वतः पुण्यात, ऐन मे महिन्यात, जुन्या स्कूटरच्या बाजूचे झाकण असे करून पाहिले होते. राळ लवकर घट्ट व्हावी म्हणून तीत जे द्रव घालतात ते शंभराला एक-दोन भाग पुरते. मी उतावळेपणाने दुप्पट घातले. राळ घट्ट होताना स्वतःच तापते, हे मी पुस्तकात वाचले होते, पण पत्र्याच्या वाटीतून धूर निघू लागला तेव्हा समजले. झाकण तडकले आणि हाताला काचेची खाज दोन दिवस राहिली. हे द्रव आणि कोबाल्टचे द्रव एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो. ते राळेत निरनिराळ्या वेळीच घालावयाचे असतात. शिवाय तोंडावर पट्टी, हातांत मोजे आणि उघडी जागा, यांवाचून या वाटेस जाऊच नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्यापूर्वीच त्या तरुणाने काम आरंभिले. कुंचल्याने राळ लावावी, चटई अंथरावी, छोट्या लाटण्याने हवेचे बुडबुडे दाबून बाहेर काढावेत. त्याची आजी ओसरीवर बसून पाहत होती. मध्यंतरी तो मला गावातल्या पालैवननाथाच्या देवळात घेऊन गेला. तेथे नायकांच्या काळातील विटांचे एक भव्य धान्याचे कोठार आहे, गोल आणि वरून निमुळते. तो म्हणाला, "काका, याच्या भिंतीला कोपरा नाही, म्हणून ती भार सोसते. माझे मडगार्डही तसेच. सपाट केले असते तर थरथरले असते. वळणानेच त्याला बळ येते." कवचाचे सारे शास्त्र त्या दोन वाक्यांत आले.

सायंकाळी लाकडी पाचरी मारून साचा सोडविला. मडगार्ड निघाले, एका कोपऱ्यात दोन बुडबुडे राहिले होते. आजींनी त्यावरून हात फिरविला, आजोबा फिरवीत असत तसा, असे कोणी तरी हळूच म्हणाले. त्या म्हणाल्या, "हाताला थंड लागत नाही रे, पत्रा थंड लागायचा. पण वळण त्यांच्याच गाडीचे आहे."

मी निघताना त्या साच्याचे आता काय करणार, असे विचारले. स्थपतीसारखा फोडणार, की मेयर्ससारखा विकणार? तो म्हणाला, "माळ्यावर ठेवतो. कोणाची अकराशे असेल आणि डावे मडगार्ड गेले असेल, तर त्याने यावे, राळ आणि चटई आपली आणावी, आणि येथेच बसून करून न्यावे." तमिळ वळणाच्या त्या मराठीत त्याने हे इतक्या सहजपणे सांगितले, की आपण काही विशेष बोललो असे त्याच्या मनातही आले नसावे. नमुना कुर्ल्याच्या कारखान्याचा, वळण इटालियन कारागिराचे, विद्या अमेरिकेतली, हात पापनाशमचे. अशा साच्यावर मालकी कोणाची सांगावी, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. त्या तरुणाला मात्र तो प्रश्न पडलाच नव्हता.