बारा जणांचा पक्ष

विलायतेतील लिबरल पक्षाचे नाव महाराष्ट्राच्या श्रोत्यांस परके नाही. आपल्याकडे स्थानिक स्वराज्याचा पाया घालणारे लॉर्ड रिपन त्या पक्षाचे. १९०६ साली लंडनला जाऊन नामदार गोखले ज्यांच्यापुढे हिंदुस्थानची बाजू मांडीत होते ते भारतमंत्री मोर्ले त्याच पक्षाचे. आपल्या नेमस्तांची एक सबंध पिढी या पक्षाकडे डोळे लावून बसलेली होती. त्या वर्षी कॉमन्स सभेत त्याचे सुमारे ४०० सभासद होते. अवघ्या चाळीस वर्षांत ते बारावर आले. हे बारा जण पुढारी कसा निवडतात, आणि निवडलेला माणूस काय करतो, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

मोडतोडीची कथा लांबलचक आहे. ती येथे थोडक्यात उरकतो. १९१६ च्या डिसेंबरात ऍस्क्विथ पंतप्रधानपदावरून गेले आणि त्यांच्याच पक्षाचे लॉईड जॉर्ज त्या जागी आले, तेव्हापासून घरात दोन चुली झाल्या. १९३१ साली तीन झाल्या. सायमन यांचा तट हुजूरपक्षाच्या सावलीत गेला, सॅम्युएल यांचा तट मधे घुटमळत राहिला, आणि लॉईड जॉर्ज मुलगा, मुलगी व एक आप्त मिळून चौघांनिशी वेगळे बसले! राजकारणात घराणी नसावीत असे सांगणाऱ्या पक्षाची ही दशा.

१९४५ च्या निवडणुकीत पक्षाचे पुढारी सर आर्चिबाल्ड सिंक्लेअर स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या मतदारसंघात पडले. तेथे पहिला आणि तिसरा यांत अंतर फक्त ६१ मतांचे होते, आणि सिंक्लेअर तिसरे होते. सर विल्यम बेव्हरिज, ज्यांच्या सामाजिक विम्याच्या योजनेचा साऱ्या देशात बोलबाला होता, तेही पडले. जे बारा आले त्यांतील सात वेल्सचे. त्यांना एकत्र बांधील असे एकही सूत्र नव्हते. कोणी मजूरपक्षाच्या शेजारी बसण्याजोगा, तर कोणी हुजूरपक्षाच्या. वडिलांचे नाव सांगणारी लॉईड जॉर्ज यांची दोन अपत्ये, ग्विलिम आणि मेगन, याच बारांत होती; पुढे भाऊ हुजूरपक्षाच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झाला आणि बहीण १९५५ साली मजूरपक्षात गेली.

अशा मंडळींनी ऑगस्ट १९४५ मध्ये क्लेमेंट डेव्हिस यांना अध्यक्ष निवडले. निवडले म्हणण्यापेक्षा तात्पुरते बसवले म्हणणे बरोबर होईल. सिंक्लेअर यांना हरवणाऱ्या गृहस्थाने जपानचे युद्ध संपताच राजीनामा देऊन पुन्हा निवडणूक लढवण्याचा शब्द दिला होता. सिंक्लेअर परत येतील, तोवर हे बसतील, असा हिशोब. तो शब्द पाळला गेला नाही, आणि डेव्हिस अकरा वर्षे राहिले.

माणूस एकसष्टीचा, वकील, मोठ्या कंपनीचा माजी संचालक. १९३१ साली ते सायमन यांच्या तटात गेले होते आणि १९४२ साली परत आले. म्हणजे निष्ठावंतांच्या दृष्टीने बाटलेले! १९४० साली चेंबरलेन यांना खाली खेचण्याच्या खटपटीत त्यांचा मोठा हात होता, पण खटपट्या आणि पुढारी यांत लोक फरक करतात. घरचे दुःख वेगळेच. चार मुलांपैकी तीन एकामागून एक वयाच्या चोविसाव्या वर्षी गेली.

त्यांच्या हाताखालची शिस्त अशी की, ज्यांना मुख्य प्रतोद नेमले, म्हणजे इतरांना रांगेत ठेवण्याचे ज्यांचे काम, ते टॉम होराबिनच १९४७ साली मजूरपक्षात गेले. १९५० साली पक्षाने ४७५ उमेदवार उभे केले. ३१९ जणांची अनामत रक्कम बुडाली आणि नऊ निवडून आले. त्या सभेत ऍटली यांचे बहुमत अगदी काठावरचे. एकेका मताला सोन्याचे मोल होते. आणि नेमके तेव्हाच हे नऊ जण दोन्हीकडे मते देत होते.

आमच्या मते या पुढाऱ्याची खरी निवड १९४५ साली नव्हे, १९५१ च्या ऑक्टोबरात झाली. निवडणुकीत पक्षाचे सहाच सभासद आले. त्यांतील पाचांविरुद्ध हुजूरपक्षाने उमेदवारच दिला नव्हता. म्हणजे पाच जागा जवळजवळ शेजाऱ्याच्या कृपेच्या. अशा वेळी चर्चिल यांनी, जे स्वतः कधीकाळी लिबरल मंत्री होते, डेव्हिस यांना बोलावून शिक्षणमंत्रिपद देऊ केले. मंत्रिपद त्यांना आजवर कधी मिळाले नव्हते, आणि वय सदुसष्ट. सायमन यांचा तट वीस वर्षांपूर्वी याच वाटेने गेला होता व त्याचे पुढे काय उरले हे समोर दिसत होते. डेव्हिस यांनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय केला आणि नकार कळवला. त्यांना ‘दुबळा’ म्हणणारे इतिहासकार आहेत. सभा जिंकण्यात ते दुबळे होतेही. पण सहा माणसांचा पक्ष एका सहीने संपण्यासारखा होता, आणि ती सही त्यांनी केली नाही.

१९५६ साली ते बाजूला झाले आणि जो ग्रिमंड आले. हा माणूस तरुण, उमदा, बोलका. ऍस्क्विथ यांची नात ही त्याची पत्नी. घराणे येथेही आलेच! निवडीची पद्धत मात्र जुनीच राहिली. १९६७ साली ग्रिमंड गेल्यावरही पार्लमेंटात बाराच सभासद होते. त्यांनी मते दिली तेव्हा थॉर्प यांना सहा आणि उरलेल्या दोघांना तीन-तीन पडली. गावोगाव पत्रके वाटणाऱ्या हजारो सामान्य सभासदांना कोणी विचारले नाही. १९७६ साली प्रथमच ती मंडळी मत देऊ शकली आणि डेव्हिड स्टील पुढारी झाले. आम्हांस हा विलंब त्या पक्षाच्या तत्त्वांशी विसंगत वाटतो. मतदानाचा हक्क वाढवण्यात ज्याने एक शतक घालवले, त्याने तो आपल्या घरात इतक्या उशिरा आणावा!

१४ मार्च १९६२ रोजी लंडनजवळच्या ऑर्पिंग्टन मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. हुजूरपक्षाची ती हक्काची जागा लिबरल उमेदवाराने मोठ्या मताधिक्याने घेतली, आणि मेला म्हणून सोडलेला पक्ष जिवंत असल्याचे साऱ्या विलायतेने पाहिले. श्रेय ग्रिमंड यांना मिळाले. ते योग्यच होते. क्लेमेंट डेव्हिस तेव्हाही माँटगोमेरीशायरचे सभासद होते. त्यानंतर नऊ दिवसांनी, २३ मार्चला, ते वारले.