तालीम : शाळेतली आणि आखाड्यातली



आपल्या घरात 'तालीम' म्हटले की शिक्षण डोळ्यांपुढे येते. पण मराठी गृहस्थाला 'तालीम कोठे आहे?' असे विचारून पाहा. तो तुम्हांला शाळेचा नव्हे, आखाड्याचा रस्ता दाखवील. शब्द एकच, अरबीतून आलेला. उस्तादाचा 'वस्ताद' झाला, पहलवानाचा 'पैलवान' झाला. 'कुस्ती' आणि 'जोर' हेही फारसीचेच देणे. भाषेने जे एकत्र ठेवले ते आपण वेगळे का करावे? शाळेत शारीरिक शिक्षण सक्तीचे असावे काय, या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम आपल्याच तालुक्यात पाहू. शिरढोण येथे 1845 साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुण्यात सरकारी नोकरी करीत असता त्यांनी लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शिक्षण घेतले. शिष्य ब्राह्मण, वस्ताद मातंग. पुढे 1879 मध्ये त्याच फडक्यांनी रोहिल्यांचा पुढारी इस्माइल खान याच्याशी संधान बांधले. तालमीच्या मातीत जात विचारली जात नव्हती, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकाच मोलाचा आहे.

आता बडोद्याकडे वळू. तेथे सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच शहरात जुम्मादादा नावाचे एक मुसलमान उस्ताद होऊन गेले. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी गुरूच्या नावाने चाललेली व्यायामशाळा नावारूपास आणली आणि शेकडो मुलांनी एका तालात करावयाचा सांघिक व्यायाम रूढ केला. माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्यास, म्हणजे आपल्याकडून घाट चढला की लागणाऱ्या गावी, कैवल्यधाम स्थापिले. 1937 साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. 1938 मध्ये कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कार्याला कुवलयानंदांचे मार्गदर्शन लाभले. तेव्हा आपल्या शाळांतील कवायतीच्या तासाची एक मुळी जुम्मादादांच्या आखाड्यापर्यंत पोहोचते. हा तास परका नाही, आपलाही आहे.

सक्तीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. सगळी मुले सारखी नसतात. कोणाला दमा असतो, कोणी अधू असतो. अशा मुलाला उन्हात रांगेत उभे करणे म्हणजे शिक्षण नव्हे. 'मैदानाला चार फेऱ्या मार' ही शिक्षा म्हणून दिली, तर मूल जन्मभर धावण्याचा तिटकारा करील. पण वस्ताद तरी सर्वांना एकच मुद्गल कोठे देत असे? तो अंगकाठी पाहून मेहनत सांगे. सक्ती तासाची असावी. व्यायाम ज्याच्या त्याच्या कुवतीचा असावा.

मग ही सक्ती कोणावर? माझ्या मते मुलावर कमी, आपणा मोठ्यांवर अधिक. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला खेळाचे मैदान आवश्यक ठरविले. मात्र 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही, असा निकाल दिला. हे स्वातंत्र्य संस्था आपल्या पद्धतीने चालविण्यासाठी आहे, मैदान विसरण्यासाठी नव्हे. जे इतरांना कायद्याने करावे लागते ते आपण समजून करावे, यातच आपली शोभा आहे.

मुलींचे काय? हुजूर (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याची नोंद हदीसमध्ये आहे. आणि 1954 साली बडोद्यातच हमीदा बानू हिने बाबा पैलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केले. प्रत्येक मुलीने कुस्ती खेळावी, असे मी म्हणत नाही. तिला भिंतीआडची मोकळी जागा, सोयीचा पोशाख आणि शक्य तेथे शिक्षिका मिळावी, एवढेच मागणे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे अंगमेहनत हवी, असे सांगितले आहे. आपण नववी-दहावी आली की खेळाचा तास गणिताला देतो आणि संध्याकाळ शिकवणीला. पालकांनो, पुढच्या सभेत मुलाच्या गुणांबरोबर आणखी एक गोष्ट विचारा : त्याच्या वेळापत्रकात खेळाचा तास कोणत्या वारी आहे, आणि तो खरोखर होतो काय? तुम्ही विचारू लागलात, की आम्हां शिक्षकांना तो तास घ्यावाच लागेल.