जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं आणि स्क्रीन काळी? फ्रेमबफर समजून घ्या

फ्रेमबफर म्हणजे पिक्सेलचे रंग साठवणारा मेमरीचा भाग. १०२४×७६८ ला, पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर ३ एमबी. इंटिग्रेटेड ग्राफिक्स ही जागा रॅममधूनच घेतं.

शिरूरहून दौंडला मामांकडे गेलो होतो. मामेबहिणीच्या अभ्यासाच्या पीसीवर लिनक्स टाकलं, तर मॉनिटर म्हणतो, ‘आउट ऑफ रेंज’! ड्रायव्हरने मॉनिटरला न झेपणारा मोड निवडला होता.

उपाय असा: ग्रब मेनूत ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इंग्रजी स्मॉल अक्षरांत ‘नोमोडसेट’ लिहून एफ१० दाबा. चित्र दिसेल, पण ग्राफिक्स मंद चालेल. म्हणून पुढच्या वेळी त्याऐवजी ‘व्हिडिओ=१०२४एक्स७६८@६०’ द्या. हा बदल एकाच बूटपुरता असतो. जमलं, तर उबंटूत ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तेच लिहून ‘अपडेट-ग्रब’ चालवा. पीसी भंगारात घालण्याआधी एवढं करून बघाच.