नाव असलेलं प्यादं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरात ज्याला शतरंज म्हणत, त्यालाच शेजारच्या घरात बुद्धिबळ म्हणत. पट एकच आणि सोंगट्याही त्याच. अब्बांनी मला हा खेळ शिकवला तेव्हा पहिला धडा दिला तो प्याद्याचा. वजीर वाचवायला प्यादं द्यावं लागलं, तर द्यायचं. मागे वळून बघायचं नाही. मी तो धडा चांगला गिरवला. आजवर किती प्यादी दिली, ते मला आठवत नाही. आठवावं असं त्यांच्यात काही नव्हतंच. आठही अगदी सारखी.

चतुरंग इथून इराणात गेला, त्याचा शतरंज झाला, आणि पुढे तो जगभर पसरला. जपानी लोकांचा शोगी याच घराण्यातला. त्यात मारलेली सोंगटी मरत नाही. मारणारा ती आपल्या बाजूनं पुन्हा पटावर उतरवतो. शोगीच्या त्याच देशात, टीव्हीला जोडायच्या एका खेळयंत्रावर, प्याद्याचं नशीब कसं बदललं, ती हकिगत आज सांगायची आहे.

निन्टेंडो कंपनीनं १९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र काढलं. १९९०च्या दशकात आपल्याकडे त्याच्या नकला आल्या आणि घराघरांतली मुलं मारिओ नि काँट्राच्या कॅसेट घालून बसू लागली. ते खेळ बोटांच्या चपळाईचे. पण जपानमध्ये त्याच यंत्रावर सावकाश, विचार करून खेळायचे डावपेचांचे खेळही होते. कोए कंपनीचा ‘नोबुनागाची महत्त्वाकांक्षा’ हा खेळ १९८३ साली संगणकासाठी निघाला आणि पुढे फॅमिकॉमवर आला. त्यात खेळणारा सरदार होतो आणि सोनं, तांदूळ, सैनिक असा हिशेब सांभाळतो. तांदूळ जसा आकडा, तसेच सैनिकही.

१९८८ साली इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेनं निन्टेंडोसाठी ‘फॅमिकॉम वॉर्स’ केला. एक फौज लाल, एक निळी. शहरं काबीज करायची, त्यांच्या उत्पन्नातून कारखान्यात रणगाडे बनवायचे आणि ते शत्रूवर पाठवायचे. या मालिकेतला ‘ॲडव्हान्स वॉर्स’ पुढं हातात धरायच्या गेमबॉय यंत्रावर आला. त्याचा हिशेब बघा. एका शहराचं दिवसाचं उत्पन्न १,००० आणि पायदळाच्या एका तुकडीची किंमतही १,०००. म्हणजे एका गावाची एका दिवसाची कमाई दिली की एक तुकडी मिळते. ती गेली तर उद्या दुसरी. अब्बांना हा खेळ लगेच कळला असता.

याच इंटेलिजंट सिस्टिम्सनं एप्रिल १९९० मध्ये, त्याच फॅमिकॉमवर, ‘फायर एम्ब्लेम’ आणला. कल्पना शोझो कागा यांची. डावपेचांच्या खेळात गोष्ट आणायची, माणसं आणायची. मार्थ नावाचा राजपुत्र राज्य गमावून बसलाय आणि मूठभर सोबत्यांनिशी ते परत मिळवायला निघालाय. पट तसाच चौकटींचा. फरक एवढाच की प्रत्येक सोंगटीला नाव आहे, चेहरा आहे. म्हातारा सरदार जेगन, केन आणि एबल हे दोन घोडेस्वार, गॉर्डिन नावाचा पोरसवदा तिरंदाज. त्यांच्यातलं कुणी लढाईत पडलं तर ते कायमचं गेलं. पुढच्या प्रकरणात त्याची जागा रिकामी. कारखाना नाही, भरती नाही.

मरण कायमचं असणारे खेळ त्याआधीही होते. पण चौकटींवरच्या युद्धात, जिथं मोहरा देऊनच डाव जिंकायचा असतो, तिथं कागांनी मोहऱ्याला नाव दिलं आणि खेळणाऱ्याचा हात अडला. लोक काय करत? एक माणूस पडला की यंत्राचं रीसेटचं बटण दाबत आणि अख्खं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून खेळत. डाव जिंकत आलेला असला तरीही! जो पटावर वजीर सहज देतो, तोच इथं एका तिरंदाजासाठी तासभर वाया घालवतो. २०१० साली कंपनीनंच नव्या भागात सोय करून दिली. हवं तर पडलेले सोबती पुढच्या प्रकरणात परत येतील.

नाव नसलेल्या फौजांच्या खेळांचं काय झालं, तेही ऐका. ‘ॲडव्हान्स वॉर्स’ अमेरिकेत विक्रीला आला १० सप्टेंबर २००१ रोजी. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. युरोपात तो जानेवारी २००२ मध्ये आला आणि जपानमध्ये तर २००४ साली, दुसऱ्या भागासोबत. पुढं याच दोन भागांची नवी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये यायची होती. फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला आणि कंपनीनं ती थांबवली. ती निघाली एप्रिल २०२३ मध्ये. खऱ्या युद्धात माणसं मरू लागली की आकड्यांचं युद्ध विकायला संकोच वाटतो. म्हणजे त्या आकड्यांत माणसं आहेत, हे आपल्याला आतून माहीत असतंच.

१९९०चा तो पहिला ‘फायर एम्ब्लेम’ इंग्रजीत अधिकृतपणे आला डिसेंबर २०२० मध्ये, तोही मार्च २०२१ पर्यंतच विकत मिळत होता. माझ्या भाच्यानं तेव्हा घेतला. आजाराचे दिवस होते. रोज संध्याकाळी बातम्यांत आकडे येत. इतके गेले, इतके बरे झाले. पोरगा फोनवर त्या खेळाबद्दल बोलायचा. म्हणाला, “मामू, काल गॉर्डिन गेला.” नव्या आवृत्तीत चाल मागं घ्यायची सोय होती. मी विचारलं, “मग मागं घे की.” म्हणाला, “नाही घेतली. चूक माझीच होती.”

या खेळात शेवटाकडे एक काठी मिळते. मेलेल्यांपैकी एकाला ती परत आणते आणि एकदाच चालते. तिथं पोचल्यावर त्याचा पुन्हा फोन आला. तोवर चौघं गेले होते. चौघांची नावं त्यानं मला सांगितली. कोण कुठल्या लढाईत पडला, कुणाच्या चुकीनं पडला, सगळं त्याला पाठ होतं.

“मग काठी कुणासाठी वापरलीस?” मी विचारलं.

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “अजून ठरत नाही, मामू. तुम्हीच सांगा.”

प्यादी सहज देणारा मी. मलाही त्या रात्री ठरवता आलं नाही.