ताईआत्याचा कान

डिसेंबरातल्या एका पहाटे साडेपाचला फोन वाजला. अवेळी फोन वाजला की पोटात गोळा येतो, तसा आलाच. लेकीचा फोन होता, आइंडहोवनहून. तिकडे रात्रीचा एक. माझा चार वर्षांचा नातू उजवा कान धरून दोन तास रडत होता. "आई, काय करू गं?" म्हणाली. आता पुण्यात बसून मी काय करणार? "सकाळी उठल्या उठल्या डॉक्टरकडे ने आणि अँटिबायोटिक सुरू कर," एवढं सांगितलं आणि चहा टाकला. झोप काही पुन्हा लागली नाही.

संध्याकाळी कळलं ते असं. डॉक्टरीणबाईंनी कानात बत्ती घालून पाहिलं. पडदा लाल आहे, मागे पू दिसतोय म्हणाल्या. वजनाच्या हिशेबाने पॅरासिटॅमॉल लिहून दिलं आणि म्हणाल्या, तीन दिवस थांबू या. ताप चढला, कान वाहायला लागला, कानामागे सूज आली किंवा पोर मलूल पडलं तर लगेच घेऊन या.

"पू दिसतोय आणि थांबू या म्हणतात?"

"आई, इथे असंच असतं. हात मोडला तरी आधी पॅरासिटॅमॉल!" लेक हसली. मी हसले नाही.

कारण 'थांबू या' हे शब्द आमच्या घरात एकदा उच्चारले गेले होते, आणि त्याची किंमत ताईआत्याने भरली होती. ही गोष्ट घरातल्या मोठ्यांना माहीत आहे, पण धाकट्या पिढीतल्या कुणी ती धड ऐकलेली नाही. म्हणून आज लिहायला बसले.

ताईआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कराडजवळचं आमचं गाव, कृष्णेचा काठ. आत्या पाच वर्षांची असताना, म्हणजे १९५१च्या सुमारास, तिचा कान फुटला. आधी एक, मग वर्षभरात दुसरा. आजी लसूण घालून कडकडीत केलेलं तेल कोमट करून कानात सोडायची. आजोबा म्हणायचे, "थांबू या. मोठी झाली की आपोआप थांबेल." वाईट कुणीच नव्हतं. गावात सगळ्यांच्या घरी एखादं पोर असं असायचंच. आत्या नदीवर पोहायची, कानात पाणी जायचं, कान पुन्हा वाहायचा. मला आठवते ती तिच्या कानातल्या कापसाच्या बोळ्यासकट. आणि तो वास. लहानपणी मी तिच्या कुशीत झोपायला कुरकुर करायचे, हे आज लिहितानाही अपराधी वाटतं.

शाळेत मास्तरांनी हाक मारली की ती उत्तर द्यायची नाही. फळ्यावरचं गणित मात्र सगळ्यांच्या आधी सोडवायची. मास्तरांनी त्यातून निष्कर्ष काढला तो एवढाच, की पोरगी हट्टी आहे. तिला शेवटच्या रांगेत बसवलं. चौथीत शाळा सुटली. पुढे लग्न झालं, आणि सासरी तिचं कौतुक काय व्हायचं, तर किती हळू बोलते, किती मर्यादशील सून! या कौतुकाकडे पुन्हा येते.

तर सांगायचा मुद्दा असा, की त्या फोननंतर मी तिरीमिरीत वाचायला बसले. लेकीच्या डॉक्टरला चूक ठरवायचं, हा हेतू. झालं भलतंच.

आधी थोडी रचना. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक इवलीशी खोली असते, तो मधला कान. त्यात शाळेत पाठ केलेली तीन हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. या खोलीतून एक नळी घशाच्या वरच्या बाजूला उघडते. सोळाव्या शतकातल्या युस्टेकी नावाच्या इटालियन वैद्याचं नाव तिला आहे. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की ती सुजते, खोलीची हवा कोंडते, पाणी साठतं, जंतू वाढतात, पू होतो. पडद्यावर ताण येतो आणि पोर रात्री रडत उठतं.

हा आजार जीवघेणा होता, यावर आज विश्वास बसत नाही. डब्लिनचे डॉक्टर विल्यम वाइल्ड हे कानाच्या शस्त्रक्रियेतलं मोठं नाव. १८५३ साली त्यांनी कानाच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. वाहता कान कुठे जाऊन थांबेल हे कुणीच सांगू शकत नाही, असा इशारा त्यांनी दिला होता. त्यांचा मुलगा म्हणजे लेखक ऑस्कर वाइल्ड. तो तुरुंगात असताना १८९६ साली त्याने सरकारकडे अर्ज केला, त्यात उजवा कान वाहतो आणि ऐकू येणं जवळजवळ गेलंय अशी तक्रार आहे. सुटल्यावर १९०० च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये हॉटेलच्या खोलीतच त्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली आणि ३० नोव्हेंबरला तो मेंदूच्या दाहाने गेला, ४६ व्या वर्षी. गुप्तरोगाचा प्रवाद पुष्कळ वर्षं चालला, पण २००० साली 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांनी सगळी लक्षणं तपासून कानाच्या जुन्या रोगाकडेच बोट दाखवलं. बापाने आयुष्यभर ज्याच्याशी झुंज दिली, त्यानेच मुलाला नेलं.

त्या काळी उपाय एकच, कापणं. जर्मनीतल्या हाले गावच्या श्वार्ट्झे यांनी १८७३ साली कानामागचं हाड उघडून पू काढण्याची पद्धत नीट मांडली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं तीच चालली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात १९३२ साली दाखल झालेल्या मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलं कानातल्या पुवामुळे आणि त्यातून उद्भवलेल्या आजारांमुळे आलेली होती. दर चौथं मूल!

मग सल्फाची औषधं आली, पेनिसिलिन आलं, आणि हे वॉर्ड हळूहळू रिकामे झाले. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. आमच्या गावापासून शंभरेक मैलांवर! आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती, दोन्ही कान वाहत होते. ते शंभर मैल काही कुणी ओलांडले नाहीत.

असो. इथवर वाचून माझा राग वाढलाच होता. मग नेदरलँड्सचं प्रकरण सापडलं.

आइंडहोवनच्या शेजारी टिलबर्ग म्हणून गाव आहे. तिथले कानाचे डॉक्टर व्हान ब्यूखेम यांना प्रश्न पडला, की औषध न देता हा आजार आपोआप किती बरा होतो? त्यांनी १७१ मुलांचे गट केले. काहींना अँटिबायोटिक, काहींच्या पडद्याला छेद, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. १९८१ साली निकाल छापला. गटागटांत म्हणावा असा फरक नव्हता. १९८५ मध्ये त्यांनी ४,८६० मुलांचा हिशेब मांडला. सुरुवातीला फक्त नाकात थेंब आणि वेदनेवर औषध. ९० टक्क्यांहून जास्त मुलं काही दिवसांत बरी झाली. सुमारे २.७ टक्के मुलांचा आजार बळावला, आणि कानामागचं हाड धरलं ते दोघांचं. १९९० साली तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने हेच धोरण म्हणून लिहून काढलं. २००४ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनीही निवडक मुलांसाठी थांबून पाहण्याची मुभा दिली, कारण सरसकट अँटिबायोटिक दिल्याने जंतू निर्ढावत होते.

याची दुसरी बाजूही आहे. नेदरलँड्समध्ये कानामागचं हाड सुजण्याचं प्रमाण वर्षाला लाखामागे चारच्या आसपास निघालं, सढळ अँटिबायोटिक देणाऱ्या देशांत दोन किंवा त्याहून कमी. आणि २०११ साली पिट्सबर्ग आणि फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या दोन अभ्यासांत असं दिसलं, की अगदी लहान मुलांत निदान पक्कं असेल तर अँटिबायोटिकचा फायदा होतो (आणि जुलाबही होतात). म्हणजे वय किती, कान एक की दोन, वाहतोय का, ताप किती, हे बघूनच थांबायचं. माझा नातू चार वर्षांचा, एकच कान, वाहत नव्हता. डॉक्टरीणबाई बरोबर होत्या. तिसऱ्या दिवशी तो सायकल मागत होता.

पण माझं समाधान पुरतं झालं नव्हतं. जानेवारीत व्हिडिओ कॉलवर तो सारखं "काय?" विचारायला लागला. लेक म्हणाली, टीव्हीचा आवाज मोठा करतो. माझ्या डोळ्यांसमोर शेवटची रांग आली. पुन्हा डॉक्टर, पुन्हा तेच उत्तर. पू गेलाय, दोन्ही पडद्यांमागे पाणी राहिलंय, तीन महिने थांबू या, मग ऐकण्याची तपासणी करू.

यावरही वाचलं. पडद्यामागे पाणी असलं की कानात बोटं घातल्यासारखं ऐकू येतं. पूर्वी अशा मुलांच्या पडद्यात लगेच ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवायचे, नाहीतर भाषा मागे पडेल म्हणून. पिट्सबर्गच्या जॅक पॅरडाइज यांनी पाणी टिकून राहिलेल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला लगेच नळ्या, दुसऱ्याला काही महिने थांबून, गरज उरली तरच. २००१ साली छापलेल्या निकालात तिसऱ्या वर्षी दोन्ही गटांच्या बोलण्यात, समजेत फरक नव्हता. नऊ ते अकरा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला, तरी नव्हता. ही मुलं एरवी निरोगी होती आणि त्यांच्यावर सतत नजर होती, हे मात्र विसरायचं नाही.

मग आत्याचं काय? आत्याचा आजारच निराळा होता. पडदा फुटून भोक कायमचं राहिलं, कान वर्षानुवर्षं वाहत राहिला. जुनाट कान लवकर का कोरडा होत नाही, याचं एक उत्तर २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांना मिळालं. मधल्या कानाच्या जुन्या तक्रारी असलेल्या मुलांच्या कानातल्या अस्तरावर जंतूंचा चिकट थर बसलेला दिसला. शेवाळासारखा. औषध त्यात धड शिरत नाही. अशा कानाला थांबून काही होत नाही. तो पुसून कोरडा ठेवायचा, थेंब घालायचे, पाण्यापासून जपायचा (आणि तेल अजिबात नाही, आजीची क्षमा मागून), आणि भोक राहिलं तर बुजवायचं.

ते बुजवणं आत्याच्या नशिबी १९९८ साली आलं, बावन्नाव्या वर्षी. आतेभाऊ हट्टाने तिला घेऊन गेला, मीही सोबत होते. डॉक्टरांनी कंपनकाटा वाजवून कानासमोर धरला. आत्याने मान हलवली, नाही. मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली, आणि ती दचकून म्हणाली, "वाजतंय की!" रिने नावाच्या जर्मन डॉक्टरची ही १८५५ सालची चाचणी. आतला कान, नस शाबूत होती. अडलं होतं ते फक्त वाटेत. कानशिलाजवळच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन त्यांनी पडदा शिवला, पुढच्या वर्षी दुसऱ्या कानाचा. सगळं नाही, पण पुष्कळ ऐकू यायला लागलं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. अशा माणसाला बाहेरचं कमी ऐकू येतं, पण स्वतःचा आवाज हाडातून डोक्यात मोठा घुमतो. म्हणून ती माणसं हळू बोलतात. म्हणजे सासरी जिचं आयुष्यभर कौतुक झालं, ती मर्यादा नव्हतीच, फुटका पडदा होता. घरी परतताना आत्या एसटीत खिडकीशी बसून म्हणाली, "हे शाळेत असताना केलं असतं तर?" आम्ही दोघंही गप्प बसलो.

आता सोयी बदलल्या आहेत. न्यूमोकॉकस जंतूची लस २०२१ पासून देशभरात सरकारी लसीकरणात मिळते, आणि अशी एक लस आपल्या पुण्यातच तयार होते. ही लस मुळात न्यूमोनियासाठी. फिनलंडच्या २००१ सालच्या अभ्यासात कानाचे संसर्ग एकूण सहाच टक्के घटले, पण या जंतूमुळे होणारे ३४ टक्के. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार मुलांतलं सुमारे ६० टक्के बहिरेपण टाळता येण्याजोगं आहे. म्हणजे अशा पुष्कळ आत्या आजही कुठल्यातरी शेवटच्या रांगेत असणार.

आजोबांचं 'थांबू या' आणि आइंडहोवनच्या डॉक्टरीणबाईंचं 'थांबू या' मी महिनाभर एकच समजत होते. बाईंनी तारीख दिली होती, काय दिसलं तर धावत यायचं ते सांगितलं होतं, आणि शेवटी कान तपासायचं कबूल केलं होतं. आजोबांच्या थांबण्याला तारीखच नव्हती.

एप्रिलमध्ये नातवाची तपासणी झाली. पाणी गेलंय, ऐकू नीट येतंय. तरी तो "काय?" विचारतोच, पण आता ते सोयीस्कर आहे असं लेकीचं म्हणणं. :-)

ताईआत्याच्या नातवंडांनो, तुम्ही हे वाचाल म्हणून सांगते. तुमच्या आजीचं गणित फार चांगलं होतं. आणि तुमच्यापैकी जे शाळांत शिकवता, त्यांनी हाकेला ओ न देणाऱ्या पोराला शेवटच्या रांगेत बसवण्याआधी एकदा त्याच्या पाठीमागे उभं राहून हळूच नाव घेऊन बघा. नाही वळलं, तर आईबापांना बोलवा आणि कान तपासायला पाठवा.